बसायची सोय

विट्यात सकाळी नवालाच फॅन पाचावर,
आणि जेवणाच्या टेबलावर बर्फ:
तीन ठिकाणांचे छापील कागद,
एकावर भडंगाच्या तेलाचं बोट.

गुलमर्ग, औली, सोलंग.
हे चष्मा कपाळावर ढकलून वाचतात
उतार किती, पाळणा कुठवर जातो,
मार्चअखेर बर्फ टिकतो
का दुपारी त्याचं शिकरण होतं.

एकोणिसाव्या वर्षी हे श्रीनगरला गेले,
मामांच्या गलाईच्या दुकानात.
सहा दिवस भट्टीपुढं, आटणी, तेजाब, खोकला.
सातव्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पोरानं
पायांना फळ्या बांधून ह्यांना डोंगरावरून ढकललं.
"पडलो, उठलो, पडलो," एवढंच सांगतात.
पण सांगताना गुडघे आपोआप वाकतात,
हातात चहाची गाळणी असली तरी.

मला घसरायचं नाही.
न्हाणीत घसरले त्याचा रॉड
अजून डाव्या मांडीत आहे, थंडीत बोलतो.
म्हणून ह्यांनी वहीत वेगळं पान केलंय.
वर दोनदा गिरवून: शालनची सोय.
खाली, काचेची खोली, ऊन येणारी.
नळाला गरम पाणी. बाजार पायी जाण्याइतका.
जवळ देऊळ (नसल्यास शालींचं दुकान).
बर्फात न जाता बर्फ दिसेल अशी खिडकी.

लग्नाच्या यादीत मुलीकडचं लिहितात
तसं वाटलं वाचताना.
सगळं होतं. मीच नव्हते.

तेवीस वर्षं हे तिकडं, मी इथं,
दोन पोरं, सासूबाईंची साखर, बोअरचं पाणी.
दिवाळीला अक्रोडाची पिशवी यायची,
तिच्यामागनं हे.
मी ह्यांना नेहमी एसटीतनंच उतरताना बघितलं,
आधी पिशवी, मग पाय,
मग दमलेलं तोंड.
तिथं कसे उतरत होते, कुणास ठाऊक.
त्या पोरानं बघितलं असेल.

"द्या इकडं," म्हटलं, आणि फोन घेतला.

औलीच्या माणसाला विचारलं,
उतार संपतो तिथं बसायला काय आहे?
तो म्हणाला, हीटरवाला कॅफे, आत.
आत नको. बाहेर.
"ठंड लगेगी, माताजी."
लागू दे की.
सोलंगवाला हसला. घोडा देतो म्हणाला,
याक देतो, फोटो काढा.

हे मान खाली घालून
वहीतल्या खिडकीभोवती चौकोन काढत बसले.

गुलमर्ग शेवटी. तिथला माणूस म्हातारा असावा,
आवाजात घाई नव्हती.
विचारलं, भाऊ, खाली बाकडं आहे का?
वरनं येणारा माणूस तिथनं ओळखू येतो का?
तो थांबला.
"सगळे सारखेच दिसतात, बहनजी. टोपी, चष्मा."
मग जॅकेट कसल्या रंगाचं मिळतं?
लाल, निळं, काळं...
पिवळं? आपल्या हळदीसारखं?
"ढूँढना पड़ेगा."
शोधा म्हटलं. आणि बाकडं?
"होतं एक. रुकिए, देखता हूँ."

फोन न ठेवताच निघाला.
मी स्पीकर लावून टेबलावर ठेवला,
कागद उडू नयेत म्हणून वर मिठाची बरणी.
दार वाजलं. कुत्रं भुंकलं.
मग त्याचे बूट,
कर्र, कर्र, कर्र,
ताज्या पापडावर कुणी चालावं तसे.

ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली.
उठून फॅन बंद केला.
डोळे मिटून ऐकत राहिले,
भट्टीचा रंग बघून सोनं सांगायचे
तेव्हाचंच ते तोंड असणार, मी पहिल्यांदा बघितलं.

"रात्री गोठलाय," हे हळूच म्हणाले.
"दहानंतर मऊ होईल."

घाम यायला लागला.
तो माणूस अजून चालतच होता.