नमुना क्रमांक सतरा

भोसरी, एमआयडीसी. खाली पावडर कोटिंग,
वर आमची तेलाची लॅब.
सोमवारी दिलावर कुरिअरवाला खोकं टेकवतो,
"घ्या मॅडम, पेशंटांची लघवी आली."
दर सोमवारी हेच. दर सोमवारी मी हसते.

साताऱ्याकडच्या पठारावरून चाळीस बाटल्या,
एकेका पवनचक्कीच्या पोटातलं काळपट पिवळं.
सतरावी जवळजवळ रिकामी.
लेबलावर मार्करनं तिरकं लिहिलेलं:
उतरताना शिडीवर सांडलं. माफी. ईरण्णा.

उरलं तेवढ्यावर भागवलं.
लोखंड जास्त. तांबं मागच्या खेपेच्या दुप्पट.
पाणी, किंचित, पण आहे.
म्हणजे तिथं वर, ढगात, गिअरचा एक दात
शेजारच्याला गुपचूप कुरतडतोय
आणि बाहेरून पाती कशी झोकात फिरतायत.

मी लिहिलं: तेल बदला.

बाणेरहून ढमढेरे साहेबांचा फोन.
"अजून सहा महिने ओढेल का?
तीनशे लिटर सिंथेटिक, वर माणसं, गाडी,
आणि ऐन वाऱ्यात चक्की बंद ठेवायची म्हणजे..."
"आणि गिअरबॉक्सच गेला तर? क्रेन?"
"तो पुढच्या वर्षीच्या बजेटात जाईल."

मी चक्क्यांच्या विरोधात नाही हां.
माझ्या डोक्यावरचा पंखा कुणाच्या जिवावर फिरतो
ते मला ठाऊक आहे, आणि त्यात धूर नसेल
तर बरंच वाटतं.
पण जुनं तेल काढलं की ते जातं कुठे?
कागदावर तीन बॅरल निघाले,
रिसायकलवाल्याकडे दोन पोचले.
तिसऱ्याचं वीटभट्टीला विचारा.

आणि ते सांडलेलं?
शिडीच्या पायऱ्या, बुटाचे तळवे,
खाली गवत, गवताखालचा कातळ,
कातळावरून उतरणारं पाणी.
रिपोर्टात त्याला रकाना नाही.

शेरा नावाचा एक रकाना आहे, सगळ्यात खाली.
तो कुणी वाचत नाही, ढमढेरे तर नाहीच.
तिथं टाईप केलं,
प्रिंट काढून रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यात
वरच ठेवलं, चिंध्यांच्या गठ्ठ्यासोबत:

ईरण्णा, नमुना कमी आला तरी चालेल.
शिडी पुसा. मग उतरा.