धागे मोजायचं भिंग

कांडी खाजवायला लागली की
तिचा मागचा पाय फरशीवर ठकठक वाजतो
आणि मी झोपेतच पुटपुटतो, पिकर सैल झालाय.
तीस वर्षं मागांची दुखणी ऐकलेला कान,
कुत्रीच्या दुखण्याला अजून सरावला नाही.

राजमणी म्हणते, उठा.

ती बॅटरी धरते, मी भिंग.
तेच, इंचात किती उभे, किती आडवे मोजायचं.
मालकानं साखर पेठेतला कारखाना विकला
तेव्हा हिशेबात ते धरलं नव्हतं,
मीही आठवण केली नाही.

"इटु रा," राजमणी म्हणते. कांडी येते.
घरात तेलुगू, गल्लीत मराठी,
आणि डॉक्टर हत्तुरे कन्नडमध्ये "बा" म्हणाले
की ही टेबलाखाली.
तीन भाषा येतात तिला, एक टाळते.

शेपटीच्या मुळाशी लाल ठिपके, खेटून खेटून,
मधे मिऱ्याच्या भुकटीसारखं काळं.
ओल्या पांढऱ्या चिंधीवर टिपलं, तांबूस उतरलं.
रक्तच ते, कांडीचं,
पिसवांनी पचवून टाकलेलं.
पोटावर वेगळं, बारीक पुरळ, टोकाला पाणी:
दुपारी शेंगांच्या पोत्याला टेकून झोपली होती,
पोत्याखाली लाल मुंग्यांची रांग.
आणि डाव्या कानाच्या घडीत, राखाडी,
तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी, एकटंच.
मला गाठ वाटली.
गाठीला पाय नसतात, राजमणी म्हणाली.

भिंतीपलीकडून सिद्राम बल्ला,
ह्याला रात्री झोप नसते, ओरडला:
रॉकेल लाव की ओ गोचिडाला!
काडी ओढून चटका दे!
तंबाखू चोळ, तुझ्या घरात काय कमी हाय?
कमी नव्हतीच. उद्याच्या हजार विड्यांची
सुपात पडली होती.
पण हत्तुरेंनी बजावलं होतं, त्याला चिडवू नका,
पोटातलं सगळं परत रक्तात ओकतो.

मग चिमटा घेतला, कापडातल्या गाठी काढायचा.
पार कातडीला टेकवला, तोंडाशी धरला,
आणि सरळ वर. पिळायचं नाही, झटका नाही,
भोक न पाडता कापडातली फुली काढतात तसं.
कांडीनं एकदाच माझ्या मनगटाकडं पाहिलं.
आला. पायांसकट.
स्पिरिटच्या बाटलीत टाकला, झाकणावर तारीख लिहिली.
ताप आला, भाकरी सोडली,
हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर बाटली घेऊन जायचं.

मागच्या मे महिन्यात एवढी सवड नव्हती.
गांधीलमाशी नाकावर डसली
आणि बघता बघता तोंडाचा फुगा,
श्वासाला शिट्टी.
रिक्षावाले कुत्रं घेईनात.
राजमणीनं तिला चादरीत गुंडाळलं,
आपल्याच मागावरची, दुसऱ्या प्रतीची,
चौथ्या रिक्षाला सांगितलं, नात आहे, तापानं फणफणलीय.
हत्तुरेंनी सुई टोचली, शिट्टी हळूहळू विरली.
आम्हाला उतरवताना तो रिक्षावाला म्हणाला होता,
आजी, नातीची शेपटी आत घ्या.
पैसे पूर्ण घेतले.

आता गार पाण्याची घडी पुरळावर.
उद्या पोतं, गोधडी, सगळं उकळत्या पाण्यात,
पिसवा कुत्रीवर कमी, घरात जास्त राहतात.
सिद्रामला सांगायला हवं, त्याची भिंत तीच आहे.

मी भिंग मिटायला गेलो.
बॅटरी चालूच होती.
राजमणीनं कोपर पुढं केलं. "आता हे."
तंबाखूच्या धुळीनं उठलेलं, खरबरीत, लाल,
कडेनं नखांच्या रेघा.
कधीपासून, मी विचारलं.
"गड्ड्याच्या आधीपासून."
आज चैत्र संपत आला.

भिंग टेकवलं.
कांडी मधे नाक खुपसत होती,
काचेवर वाफ धरत होती.
पुसायचं, परत टेकवायचं,
पुसायचं.