उलटा हिशेब

कोटावर वाघ चढेना,
म्हणून वाघ कोटाच्या आत,
बाहेर नुसतं शेपूट.
उणे अकरा. सस्कॅचेवनमधला ऑक्टोबर संपतोय.

दारिया चेटकीण, घरं मोजत पुढे पळाली.
लेव्कोला मात्र खेळ उलटाच कळला:
दर दाराशी एक गोळी उचलायची,
आधीची पिशवीतली
त्यांच्या वाडग्यात टाकायची.
अरे, तसं नसतं, सांगायला ओरेस्ट वाकला
आणि नुसतं त्याचं नाक पुसून उठला.

हनात्यूकबाईंच्या ओसरीवर दिवा नव्हता.
अंधाऱ्या दारी जायचं नाही, हा नियम.
शेपूट पायऱ्या चढून गेलं,
पायपुसण्यावर काहीतरी ठेवून आलं.
मी विचारलं नाही. बोटं गारठली होती.

घरी पिशवी ओतली:
तीन गोळ्या, एक हातमोजा.
हातमोजा आमचा नाही.