प्रश्न सातवा

मूळ वाक्य साधं होतं:
मी या समुदायाचा भाग आहे.
मराठीत आणलं तर कोरडं पडलं,
सरकारी पाटीसारखं.

चाचणीला लेंगऱ्याला गेले.
शालन मदने, वय एक्कावन्न,
नवऱ्याची गलाई त्रिशूरला, बावीस वर्षं.
"समुदाय म्हंजी? भावकी, का गल्ली, का जात?
नीट इचारा की."

मग तिनंच सांगितलं,
"तिकडं इचारत्यात, गावाला कधी जाणार.
हिकडं पिशव्या खाली ठेवायच्या आत,
परत कधी?"
पाच चौकटी. हे कुठं घालू?

तिनं भिंतीपलीकडं हाक टाकली,
"पारुबाई, मी आलेच न्हाई तर गं?"
भांड्यांचा आवाज थांबला.
"मग तुझी किल्ली काय गळ्यात बांधू व्हय?
दर आयतवारी झाडून घेतीया मी."

परतताना एसटीत, विट्याच्या अलीकडं,
सातवा प्रश्न खोडून लिहिला:
माझ्या घराची किल्ली इथं कुणाकडं तरी असते.

सांगलीत सरांनी लाल गोल काढला.
मुळात किल्ली नाही, म्हणाले.
नाहीच.

विश्रामबागेतल्या माझ्या खोलीच्या
दोन्ही किल्ल्या
माझ्याच पर्समध्ये वाजत होत्या
जिना उतरताना.