धर्मकाटा

रविवारी रात्री केळीचे ट्रक पहाटेपर्यंत येत नाहीत,
तेव्हा सावद्याच्या काट्यावरची केबिन आमची.
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी, टेबलावर नकाशा,
माझ्यापुढे आडवा धरलेला खोक्याचा पुठ्ठा,
त्यावर बाहेरून छापलेलं : ही बाजू वर.

पुठ्ठ्याआड मी, आणि घोरपड.
बैलगाडीएवढी. जीव एकशेवीस.
दुपारीच लिहून ठेवलेला, पेन्सिलीनं.
राक्षस मी पेनानं लिहीत नाही,
कारण येणार असतात चौघं आणि येतात तिघं.
लोकेशच्या बहिणीला बघायला पाहुणे आले,
आणि ढाल नेमकी त्याच्याकडे.

माझं रोजचं काम सोपं :
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक, उरली ती केळी.
पण रावेरहून स्कूटीवर आलेली सायरा तडवी,
मंत्र तीनच शिल्लक,
नियम दर वेळी नव्यानं विचारणारा गुणवंत सपकाळे,
आणि उन्मेष फेगडे, परवाच्या यादीत
दीड गुणानं राहिलेला,
यांची बेरीज किती किलोची घोरपड पेलेल?

उन्मेषनं वीस बाजूंचा फासा टाकला. चार.
पुन्हा. दोन.
पुन्हा. एक.
मी एकशेवीसचे नव्वद केले.
मग सत्तर.
घोरपडीची शेपटीही जरा आखूड केली.

सायरा म्हणाली,
‘खोडरबराचा आवाज येतो, भो.
तिले आमच्यासाठी आजारी कायले पाडतो?’

कूलर घरघरत राहिला.
उन्मेष टेबलावरचा रबराचा चुरा
बोटानं गोळा करत होता, मीठ सांडल्यासारखा.
‘तिकडं कोणी दीड गुण खोडला असता
तं चाललं असतं मले,’ तो म्हणाला.
‘इथं नको.’

मी पुन्हा एकशेवीस लिहिले,
कागदावर जुना खळगा होताच.
शेपटी परत दिली.
पहिल्याच फटक्यात उन्मेष भिंतीवर आदळला,
तीन जीव उरले, आणि तो हसला,
आठवड्यात पहिल्यांदा.

मग मला सुचलं ते आकड्यात नव्हतं.
सायराचा शेवटचा मंत्र लागला
तेव्हा घोरपडीनं मान वळवून
स्वतःच्या बिळाकडं पाहिलं.
आत अंडी होती. मलाही तेव्हाच कळलं.
तिला जिंकायचं नव्हतंच कधी,
घरी जायचं होतं.

गुणवंतनं बाण कानापर्यंत ओढला
आणि विचारलं, ‘सोडू?’

बाण की घोरपड, ते कोणी विचारायच्या आत
बाहेर हॉर्न वाजला. साडेतीन.
फैजपूरचा ट्रक काट्यावर चढला,
ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला,
‘दहा-वीस किलो इकडं-तिकडं करा ना, भाऊ.’

मागं केबिनमध्ये तिघं
अजून तसेच बसलेले, श्वास धरून.
मी काटा थांबायची वाट पाहिली.