पुन्हा कधी विचारायचं

ठोसर मॅडमनी फळ्यावर विस्मरणाची रेघ काढली
तेव्हा मला हनुमान टेकडीची मागची वाट दिसली:
आधी एकदम घसरण, पायाखालून मुरूम सुटतो,
मग लांबच लांब सपाटी,
जिथे पडायला फारसं काही उरलेलंच नसतं.

"घसरायच्या जरा आधी विचारायचं," त्या म्हणाल्या.
"आठवताना थोडं जड गेलं पाहिजे."
त्यांच्या प्रयोगात निरर्थक शब्द असायचे,
झुप, लेम, गोक,
कुणाचं काही त्यांना चिकटू नये म्हणून.
तरी मंचरच्या एका पोरानं गोक शेवटपर्यंत सोडला नाही.
त्यांच्या बैलाचं नाव होतं म्हणे.
मॅडमनी त्याची ओळ तक्त्यातून वगळली.

त्या रेघेचा कोड मी लिहिला,
एरंडवण्यात, खडखडत्या पंख्याखाली, तीन आठवडे.
आठवलं: चार दिवसांनी विचार.
पुन्हा आठवलं: अकरा. मग महिना, मग वर्ष.
विसरलं: उद्या.

आता नवी पेठेतल्या अभ्यासिकांत पोरं ते वापरतात.
कलमं, घाट, तह, कुठल्या नदीवर कुठलं धरण.
रात्री दीड-दीडला नोंदी येतात.
झोप ही पाठांतराची दुसरी पाळी असते
हे आम्ही स्क्रीनवर दोनदा लिहिलंय.
अंगठ्यानं बाजूला सारतात.

चुका शोधताना सापडली चार हजार एकशे सतरा.
सगळं पाठ. फक्त एका कार्डावर रोज
'विसरले'.
दोनशे सहा दिवस.
मी उघडायला नको होतं. कार्ड तिनं स्वतः बनवलेलं:
पुढे, नांद्रे स्टेशन, किती वाजता?
मागे, सव्वापाच.

इतकुसा आकडा कुणी इतके दिवस विसरत नाही.
शिवाय खरंच विसरलेला माणूस
बटणाआधी थोडा थांबतो.
ही थांबत नाही.

माझंच गणित मला तेव्हा कळलं.
आठवलं म्हणालं, की मी ते दूर पाठवतो.
विसरले म्हणालं, की उद्या परत आणून देतो.

मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला,
पुन्हा घातला.
"तक्त्यातून वगळ," म्हणाल्या,
आणि मी दाराशी पोचल्यावर,
"कार्डाला हात लावू नकोस."

नांद्र्याला मी कधी गेलेलो नाही.
काल कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभा होतो,
कुणी विचारलं नव्हतं,
तरी घड्याळ पाहिलं.
पाच वाजून बारा.
हिरवा झाला तरी निघालो नाही,
मागचे हॉर्न देत राहिले.