मागची बाजू

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात
मी पावत्या लिहितो.
मासेमारीच्या बंदीत पावत्या नसतात,
टेबल रिकामं असतं,
आणि त्या रिकाम्या टेबलावर आम्ही चौघं
जग करायला बसतो.

जग तयारही मिळतं, राजे-राक्षसांसकट.
तन्वीरनं तसं एक आणलं होतं मोबाईलवर:
उत्तरेला हिमपर्वत, पाईनची रानं, लांब कोटातले जादूगार.
आग्नेल म्हणाला, "कोटात घामोळां येतली रे त्यांका."
मग ठरलं, घरचंच करू.

कागद म्हणजे मत्स्य खात्याचं पोस्टर, मागची कोरी बाजू.
वीस पैलूंचा फासा पुण्याहून मागवला होता,
तो पहिल्याच रात्री फरशीच्या फटीतून गटारात गेला.
तेव्हापासून हौजीच्या सोंगट्या, एक ते वीस,
चहाच्या डब्यात. सतरा हरवलाय,
त्याच्या जागी शर्टाचं बटण.

खेळ चालवणारा मी, म्हणून नियमही माझा:
प्रत्येकानं जगात एक गोष्ट घालायची,
एक कायमची काढायची.

आग्नेलची बेकरी. त्यानं घातला पाव भाजणारा ज्वालामुखी,
काढले पोलीसपाटील.
तन्वीरनं हिमच घातलं, हट्टानं,
आणि काढलं वय. तिथं कुणी कुणाला विचारायचं नाही,
आता पुढे काय.
हिम मला जमलं. मला ते ठाऊक आहे:
दीडशे किलोची लादी, मधोमध दुधाळ,
अमोनियाचा वास,
गोणपाटाखाली रात्रभर तिचं बारीक तडतडणं.

चैताली गिरप बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिली.
"माका घालूचा काय नाय," म्हणाली.
"काढूचा आसा. दर्या काढ."

डबा कुणी हलवला नाही.
तिचा भाऊ ज्या ट्रॉलरवर होता
ती अजून याच धक्क्याला लागते.
रंग बदललाय. नाव तेच.
आग्नेलच शेवटी बोलला, हळू,
"मगे व्हाळ खय जातले?"

ते माझं काम होतं.
आठवडाभर मी घरी नद्या फिरवत बसलो, शाईच्या पेनानं.
एक वाळूत जिरवली.
एक वळवून तिच्याच उगमात सोडली.
एकीला म्हटलं चढावर जा, ती गेली.
मीठ सोन्याच्या भावानं केलं.
मासा हा शब्द फक्त म्हाताऱ्यांना माहीत, तोही शिवीसारखा.
पश्चिमेला भिंत,
कागदाच्या कडेइतकी सरळ.
मला ते जग आवडायला लागलं, कबूल करतो.
संध्याकाळी तिथं कुणी दारात उभं राहत नव्हतं.

तिसऱ्या बैठकीला चैतालीची वाटाडी,
एका डोळ्यानं अधू, पाठीला मिठाची पिशवी,
त्या भिंतीपर्यंत पोचली.
"कान लावतंय," चैताली म्हणाली,
आणि डब्यात हात घातला.
एकोणीस.
एकोणीसला सगळं ऐकू येतं, नियमच आहे.
"काय आयकाक येता?"

खिडकी उघडी होती.
भरती धक्क्याच्या दगडांवर आपटत होती,
रोजच्यासारखी.
मी म्हटलं, "वारा."

ती माझ्याकडे बघत राहिली,
वजन कमी लिहिलं की तांडेल बघतात तशी.
मग नकाशा उचलून तिनं उलटा केला.
छापील निळं, दोन होड्या, आयुक्तांची सही,
एकतीस जुलैपर्यंत सक्त मनाई.
आणि माझ्या सगळ्या नद्यांची शाई
पलीकडून झिरपून
त्या निळ्यात उतरलेली.

तिनं एका जागी बोट ठेवलं.
"हयसर एक दार घाल.
उघडूचा नाय. नुसता आसांदे."

तन्वीरनं विचारलं, कुलूप?
तिनं उत्तर दिलं नाही, चहा मागितला.

दार मी काढलंय.
कडी आतून की बाहेरून
ते अजून ठरवलेलं नाही.